आधी खुणा, की चालकाची नजर?

दापोलीत वनशास्त्र शिकून पश्चिम ऑस्ट्रेलियात गेलेल्या मैत्रिणीला पेच पडलाय: करी नावाच्या उंच निलगिरीच्या पुन्हा वाढलेल्या जंगलात विरळणीआधी (दाटीतली काही झाडं काढून बाकीच्यांना जागा करण्याआधी) झाडांवर रंगाच्या खुणा करून घ्यायच्या, की कोणतं झाड पाडायचं, कोणतं राखायचं ही निवड हार्वेस्टर या झाडं कापणाऱ्या यंत्राच्या चालकावर सोपवायची? तिथे 2024 पासून नैसर्गिक जंगलातली मोठी व्यापारी तोड बंद आहे. पर्यावरणीय विरळणीला, म्हणजे लाकडासाठी नव्हे तर जंगलाच्या आरोग्यासाठीच्या विरळणीला, मुभा आहे. त्यामुळे राखलेलं झाड हाच कामाचा कस.

खर्चात चालकाची निवड स्वस्त, कारण खुणांसाठी माणसं आधी रानात पायी फिरवावी लागतात.

निवडीचं तसं नाही. पायी फिरणारा बुंधा चारी बाजूंनी पाहतो. केबिनमधून मागची कुजकी जखम सुटते. उलट, यंत्राचा हात कुठे पोचेल हे चालकालाच नेमकं कळतं. खूण पाळायच्या नादात शेजारच्या झाडाची साल सोलली, की तिथून बुरशी शिरते.

देखरेख खुणांमुळे सोपी होते. त्या नसतील तर नमुना प्लॉट (मोजणीसाठी आखलेले छोटे तुकडे) टाकून उरलेल्या बुंध्यांचं छेदक्षेत्र, म्हणजे छातीच्या उंचीवरच्या आडव्या छेदांचं एकूण क्षेत्रफळ, रोज मोजायलाच हवं, अगदी पहिल्या दिवसापासून.

चालक नवखा असेल तर खुणाच करा. मुरलेला असेल तर फक्त ढोलीची जुनी झाडं राखण्यासाठी रंगवा, बाकी त्याच्यावर सोडा.