जुन्या फोर-व्हील-ड्राइव्ह ट्रकची उंची दोन इंच वाढवली : आठ महिन्यांच्या वापरानंतरचा अनुभव

आठ महिन्यांपूर्वी मी माझ्या जुन्या पिकअप ट्रकला चारही बाजूंनी नवे पाटे, म्हणजे लीफ स्प्रिंग, आणि नवे शॉक अ‍ॅब्सॉर्बर बसवून घेतले आणि गाडीची उंची मूळ मापापेक्षा ५० मिलिमीटर, म्हणजे दोन इंच, वाढवली. तेव्हापासून गाडी सुमारे १४,००० किलोमीटर चालली आहे. त्यातला निम्म्याहून अधिक प्रवास डांबरी रस्त्यावरचा, बराचसा खडीच्या वाटांवरचा आणि थोडासा अशा ठिकाणचा आहे, की ज्याला रस्ता म्हणणे धाडसाचे ठरेल. संच कोणत्या कंपनीचा हे मी सांगत नाही, कारण या आठ महिन्यांत मला जो त्रास झाला तो पाट्यांमुळे नव्हे, तर पाटे बदलताना ज्या गोष्टींकडे माझे दुर्लक्ष झाले त्यांच्यामुळे झाला.

गाडी तीस वर्षांहून जुनी आहे. पुढे आणि मागे दोन्हीकडे दोन चाकांना जोडणारा सलग अ‍ॅक्सल, चारही कोपऱ्यांना पाटे, पुढे डिस्क ब्रेक आणि मागे ड्रम अशी तिची जुन्या पद्धतीची बांधणी आहे. लिफ्टचा, म्हणजे अशी उंची वाढवण्याचा, विचार करणाऱ्याने आधी गाडीखाली वाकून पुढचा अ‍ॅक्सल पाहावा, कारण एकाच नावाच्या गाडीत वर्षानुसार रचना बदललेली असते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टोयोटाच्या पिकअपमध्ये १९८६च्या मॉडेलपासून सलग अ‍ॅक्सलच्या जागी स्वतंत्र सस्पेन्शन आणि पिळून स्प्रिंगचे काम करणारे दांडे, म्हणजे टॉर्शन बार, आले, शेव्हरोलेच्या पिकअपमध्ये हाच बदल १९८८च्या पिढीत झाला, तर लँड क्रूझरच्या ७० मालिकेत १९९९ मध्ये पुढच्या पाट्यांची जागा कॉइल स्प्रिंगने घेतली. टॉर्शन बारच्या गाडीत नुसता बोल्ट आवळून पुढचा भाग वर येतो आणि म्हणूनच तो मोह मोठा असतो. पण त्यात चाकाला खाली उतरायला जागा उरत नाही आणि ड्राइव्ह शाफ्टच्या जॉइंटना कायम वाकड्या कोनात फिरावे लागते. पुढे मी जे लिहीत आहे ते मुख्यतः पाट्यांच्या गाडीला लागू आहे.

काम सुरू करण्यापूर्वी मी सपाट फरशीवर गाडी उभी करून प्रत्येक चाकाच्या हबच्या मध्यापासून मडगार्डच्या कडेपर्यंतचे अंतर मोजले. कंपनीच्या मापापेक्षा पुढची बाजू १५ आणि मागची ३५ मिलिमीटर खाली बसलेली निघाली. गाडी वर्षानुवर्षे ओझे वाहत आली होती, तेव्हा यात नवल नव्हते. पण ज्याला मी उंची कमी पडणे समजत होतो त्यातला बराच भाग थकलेल्या पाट्यांचा होता, हे त्या दिवशी लक्षात आले. ही मापे घेतली नसती तर कदाचित मी चार इंचांचा संच मागवून बसलो असतो.

स्वस्तातले पर्याय मला सुचवले गेले नाहीत असे नाही. एका अनुभवी म्हणवणाऱ्या फिटरने पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडी ठोकळे घालून पुढची आणि मागची अशी दोन्ही बाजू उचलून देण्याची तयारी दाखवली होती. मागच्या बाजूला एकच, नीट बसणारा, बाहेरून घट्ट धरलेला ठोकळा वापरतात. पण तोही अ‍ॅक्सलला पिळण्यासाठी लांब दांडा मिळवून देतो आणि जोर दिला की पाटा इंग्रजी एस अक्षरासारखा मुरडतो. पुढच्या बाजूला ठोकळा मात्र कधीही घालू नये. ब्रेक मारताना गाडीचे वजन आणि पिळाचा जोर दोन्ही पुढच्या अ‍ॅक्सलवर एकवटतात. त्या क्षणी ठोकळा सरकला तर अ‍ॅक्सल जागा सोडतो आणि स्टेअरिंग हातात असून नसल्यासारखे होते. एकावर एक ठोकळे रचणे तर कुठल्याच बाजूला नको. शॅकल, म्हणजे पाट्याचे टोक चॅसीला जोडणारी हलती कडी, लांब करण्याचा पर्यायही मी बाजूला ठेवला. शॅकल दोन इंच लांब केली तरी गाडी सुमारे एकच इंच उचलली जाते, आणि माझ्या गाडीप्रमाणे पुढच्या पाट्यांची शॅकल पुढच्या टोकाला असेल तर अ‍ॅक्सल पुढे झुकून कॅस्टर, म्हणजे चाक ज्या अक्षाभोवती वळते त्याचा मागे झुकलेला कोन, कमी होतो. जुन्या पाट्यांत एक जादा पाटा घालण्याने तात्पुरते भागले असते, पण तीस वर्षांच्या थकलेल्या पोलादावर नव्याचा भार देणे मला पटले नाही.

पाटे निवडताना उंचीइतकाच भाराचा प्रश्न महत्त्वाचा असतो आणि तो बहुतेक जण विक्रेत्यावर सोडून देतात. माझ्या गाडीवर पुढे गाडी ओढून काढण्याचे विंच नाही, मागे रोजचे ओझे सरासरी १५० किलोच्या आसपास असते. तरीही ‘पुढे कधी लागेल’ म्हणून ३०० किलोच्या कायम भारासाठीचे पाटे घ्यावेत असा आग्रह झाला. मी मधल्या ताकदीचे घेतले आणि आज तो निर्णय सर्वांत बरोबर वाटतो. रिकाम्या गाडीखाली फार ताठ पाटे असले की खडीच्या वळणावर मागची चाके जमिनीला धरून राहण्याऐवजी टणाटण उडतात. उंच गाडीत ते बेचैन करणारे तर असतेच, शिवाय धोक्याचेही असते.

बसवणीबद्दल थोडक्यात सांगतो. पाटा अ‍ॅक्सलला आवळून धरणारे यू-बोल्ट नवेच घ्यावेत. एकदा पूर्ण ताणून आवळलेला यू-बोल्ट दुसऱ्यांदा तितकीच पकड देईल याची खात्री नसते. पाट्याच्या डोळ्याचे आणि शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उतरवल्यानंतरच शेवटचे आवळावेत, नाहीतर रबरी बुश कायम पिळलेल्या अवस्थेत राहतात आणि लवकर फाटतात. मी पहिल्या १०० किलोमीटरनंतर आणि पुन्हा ५०० किलोमीटरनंतर टॉर्क रेंचने सगळे यू-बोल्ट तपासले. पहिल्या वेळी आठपैकी पाच बोल्टांनी आणखी पाव फेरा घेतला. चॅसीवर पाट्यांचे जे हँगर असतात त्यांच्या वेल्डिंगजवळ खरवडून पाहिले तेव्हा मागच्या उजव्या हँगरला बोटभर लांबीची केसासारखी चीर सापडली. नव्या ताठ पाट्यांनी ती चीर नक्कीच वाढवली असती. ती दुरुस्त होईपर्यंत काम एक आठवडा थांबवले.

आता ब्रेकविषयी, कारण सर्वांत जास्त सांगण्यासारखे तिथेच आहे. ब्रेकचे रबरी पाइप गाडी उभी असताना सैल दिसतात, म्हणून ते पुरेसे आहेत असे वाटते. पण पाइपला ताण बसतो तो चाक लोंबकळते तेव्हा, आणि चाक किती लोंबकळेल हे नव्या शॉकच्या पूर्ण उघडलेल्या लांबीवर ठरते. चॅसीला आधार देऊन अ‍ॅक्सल पूर्ण खाली सोडला आणि स्टेअरिंग दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवले, तेव्हा पुढचा डावा पाइप तारेसारखा ताणलेला दिसला. चारही ठिकाणी लांब पाइप घातले. हँडब्रेकची केबल आणि डिफरन्शियलची श्वासनळी यांची तपासणी त्याच अवस्थेत झाली.

जी गोष्ट सुटली ती म्हणजे मागच्या ब्रेकचा भार ओळखणारा व्हॉल्व्ह. माझ्यासारख्या अनेक जुन्या पिकअपमध्ये चॅसीवर एक व्हॉल्व्ह आणि त्यापासून मागच्या अ‍ॅक्सलपर्यंत एक दांडी असते. गाडी भरली की चॅसी खाली येते, दांडी वळते आणि मागच्या ब्रेकला अधिक दाब मिळतो. गाडी रिकामी असली की दाब कमी राहतो, म्हणजे हलकी झालेली मागची चाके जाम होत नाहीत. गाडी उंच केली की या बिचाऱ्या व्हॉल्व्हला ती कायमच रिकामी वाटते. पहिले तीन आठवडे मला एवढेच जाणवत होते की पेडल पूर्वीपेक्षा जास्त दाबावे लागते, आणि मी त्याचा दोष ब्रेकच्या नव्या पॅडना देत होतो. एका पावसाळी सकाळी, मागे चांगले ओझे असताना, उतारावर थोडा जोरात ब्रेक मारला तेव्हा पुढची चाके जाम झाली आणि गाडी सरळ घसरत गेली. नुकसान झाले नाही, पण ती पाच-सहा सेकंदे माझ्या चांगलीच लक्षात आहेत. नंतर कार्यपुस्तिका उघडली, तेव्हा व्हॉल्व्हचा खुलासा त्यात स्वच्छ छापलेला होता. दांडीचा अ‍ॅक्सलकडचा आधार जितकी उंची वाढली तितका वर घेतला आणि नंतर गॅरेजमध्ये पुढच्या-मागच्या दाबाचे माप घेऊन तो पक्का केला. लिफ्ट विकणाऱ्या कोणीही या व्हॉल्व्हचा शब्दही काढला नव्हता.

स्टेअरिंगची गोष्ट वेगळी आहे. तिथे चूक माझी नव्हती, भूमितीची होती. मागची बाजू जास्त बसलेली असल्यामुळे नव्या पाट्यांवर तीच जास्त उचलली गेली, गाडीचे नाक किंचित खाली झुकले आणि कॅस्टर जवळजवळ अर्ध्या अंशावर आला. महामार्गावर गाडी सरळ जाण्याऐवजी हुंगत हुंगत चालल्यासारखी वाटे. पुढच्या पाट्यांखाली दोन अंशांच्या पोलादी पाचरी घातल्यावर ती पुन्हा सरळ धावू लागली. पाचरी अ‍ॅल्युमिनियमच्या घेऊ नयेत, कारण त्या दबून चेपतात आणि यू-बोल्ट सैल होतात. यात एक अडचण आहे, ती म्हणजे कॅस्टर वाढवण्यासाठी पुढचा अ‍ॅक्सल मागे झुकवला की त्याचा पिनियन, म्हणजे इंजिनाकडून येणारा फिरता प्रोपेलर शाफ्ट जिथे जोडला जातो ते टोक, खाली जातो आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा कोन बिघडतो. दोन इंचांपर्यंत ही तडजोड निभावते. चार इंचांत नकल, म्हणजे चाक वळवणारा टोकाचा सांधा, कापून फिरवण्यापर्यंत मजल जाते, आणि ते घराच्या अंगणात करण्याचे काम नव्हे. स्टेअरिंगची दांडी तिरपी होते म्हणून लांब उतरता पिटमन आर्म, म्हणजे स्टेअरिंग बॉक्समधून ती दांडी हलवणारा हात, घालण्याचा सल्लाही मिळाला होता. तो मी मानला नाही, कारण त्या आर्मने स्टेअरिंग बॉक्सच्या शाफ्टवर आणि जिथे बॉक्स चॅसीला धरलेला असतो त्या जागेवर ओढ वाढते, आणि जुन्या चॅसीत नेमकी तीच जागा चिरण्याची शक्यता असते.

मागच्या प्रोपेलर शाफ्टमध्ये ताशी ६५ किलोमीटरच्या आसपास सीटखाली थरथर यायची. कोनमापकाने पाहिले तेव्हा पुढे-मागे शक्ती वाटणाऱ्या ट्रान्स्फर केसचा आणि पिनियनचा कोन एकमेकांशी तीन अंशांनी जुळत नव्हता. साध्या क्रॉसच्या शाफ्टमध्ये दोन्ही टोकांचे कोन सारखे नसले तर एका टोकाचा वेग दर फेऱ्याला दोनदा जो कमीजास्त होतो तो दुसरे टोक भरून काढत नाही, आणि थरथर राहते. मागेही पाचर घातली, थरथर गेली.

गुरुत्वमध्याचा हिशेब मी कागदावर मांडला होता. चाकांमधले आडवे अंतर गुरुत्वमध्याच्या उंचीच्या दुपटीने भागले की उलटण्याला विरोध करण्याचे एक साधे माप मिळते. १,५०० मिलिमीटर अंतर आणि ७०० मिलिमीटर उंची धरली तर ते १.०७ येते, अ‍ॅक्सल आणि चाके वर जात नाहीत म्हणून दोन इंचांच्या लिफ्टने गुरुत्वमध्य ४० मिलिमीटर चढला असे मानले तर ते १.०१ होते. आकडा लहान वाटतो, पण आधीच कमी असलेल्या भांडवलातून तो वजा होतो. यात फसवणारी बाब अशी की नवे पाटे ताठ असल्याने वळणावर गाडी पूर्वीपेक्षा कमी झुकते आणि चालकाला ती अधिक स्थिर वाटते. झुकणे कमी झाले म्हणून उलटण्याची मर्यादा पुढे सरकत नाही. मी टायर मुद्दाम फार मोठे घेतले नाहीत. २९ इंचांवरून ३१ वर गेलो तरी स्पीडोमीटर सुमारे सात टक्के कमी दाखवू लागतो, म्हणजे काटा ८० वर असताना गाडी ८५ च्या पुढे असते. हेडलाइटचा झोत त्याच दिवशी खाली करून घेतला. समोरून येणाऱ्यांनी त्याआधीच दोनदा दिवे चमकवून आठवण करून दिली होती. बदलाची नोंद वाहन नोंदणीत आणि विम्यात करून घेतली, नाहीतर अपघातानंतर या दोन इंचांवरून वाद उभा राहू शकतो.

आठ महिन्यांनी पुन्हा तीच फरशी आणि तीच मोजपट्टी वापरली. सुरुवातीला मूळ मापापेक्षा पुढे ५२ आणि मागे ५८ मिलिमीटर मिळाले होते. आता पुढे ४६ आणि मागे ४७ आहेत. पाटे बसले तसा नाकाचा झुकावही कमी झाला, त्यामुळे कॅस्टर पुन्हा मोजून घ्यायचा आहे. पॉलियुरेथेनचे बुश पावसानंतर कुरकुरतात आणि दर तीन महिन्यांनी ग्रीस मागतात. पुढच्या उजव्या बंप स्टॉपवर, म्हणजे चाक फार वर आले तर अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, ठोकर बसल्याची ताजी खूण आहे, तर डावीकडे तशी नाही. त्याचे कारण अजून शोधतो आहे आणि तोवर मोठ्या खड्ड्यांत वेग कमी ठेवतो.