जुन्या टायरचे रबर पॅड: पंपाखाली झकास, घराखाली नको

म्हापशातल्या एका दुकानातून पंपाखाली टाकायला जुन्या टायरच्या रबराचे चार पॅड आणले, आता रात्री पंप लावला तरी मांडणीवरची भांडी खुळखुळत नाहीत, पैसे वसूल. पहिले आठ दिवस वास मात्र असा की पंक्चरवाल्याकडे राहतोय वाटावं. पण दुकानदार म्हणे हेच घराखाली घाला, भूकंपाचं टेन्शन नाही! अहो, कल्पना खरी आहे, २००१ च्या भूकंपानंतर भुजचं हॉस्पिटल रबर बेअरिंगवरच, म्हणजे पाया आणि इमारतीच्या मध्ये घातलेल्या रबरी गाद्यांवरच, उभं केलंय, आणि टायरमधल्या स्टीलच्या तारांनी पॅड वजनाखाली फारसा फुगत नाही पण आडवा हलतो आणि जमिनीचा हादरा वर कमी पोचतो, म्हणून ते स्वस्तात करायचे प्रयोग झालेत. हे पॅड मात्र नुसता भुगा दाबून केलेले, एक कापून बघितला, तार औषधालासुद्धा नाही.