सहलीहून परतल्यावर मूल कुणाच्या हाती द्यायचं?

वेरूळला, औंढा नागनाथला किंवा खरोसा लेण्यांना मुलांची सहल न्यायची ठरली की स्वयंसेवक ताई-दादा गाडी, डबे, पाणी, औषधं सगळं मनापासून बघतात. परतल्यावर कुठलं मूल कोण नेणार, हे मात्र पुष्कळदा गाडी गावात शिरल्यावर ठरतं. पोरं दमलेली, अंधार पडत आलेला, पालकांची गर्दी. चूक नेमकी तेव्हा होते. म्हणून पद्धत निघण्याआधीच ठरवा.

वाटेत सोडत येणं सगळ्यांना सोयीचं वाटतं. पालकांची खेप वाचते, गाडीही लवकर मोकळी होते. पण धुळे-सोलापूर महामार्गावरच्या एखाद्या फाट्यावर मूल उतरवलं आणि घरचं माणूस पलीकडच्या बाजूला उभं असलं, तर मूल धावत सुटतं. शिवाय प्रत्येक थांब्यावर गाडीतल्या बाकीच्यांवरची नजर हटते. माझं मत स्पष्ट आहे: लहान मुलांसाठी ही पद्धत नको. गावं लांब असतील आणि दुसरा इलाजच नसेल, तर ताईने खाली उतरून, ठरलेल्या माणसाच्या हातातच मूल द्यावं.

एका जागी यादी आणि सही, ही पद्धत मला सर्वांत भरवशाची वाटते. शाळेचं किंवा मंदिराचं आवार निवडा, रस्त्याची कडा नको. मुलं आत बसलेली, फाटकाशी एक जण यादी घेऊन, दुसरा नाव पुकारून मूल आणणारा. संमतीपत्रावर पालकांनी आधीच दोन-तीन नावं आणि मोबाइल नंबर लिहून दिलेले असावेत. त्यातलाच माणूस सही करून नेईल. वेळ जास्त लागतो, रांगेत कुरकुर होते. होऊ द्या.

आपल्याकडे यातली खरी अडचण वेगळी आहे. बीड, धाराशिवच्या कितीतरी वस्त्यांतून दिवाळीच्या सुमारास आईवडील ऊसतोडीला जातात आणि मूल आजीजवळ राहतं. न्यायला आजी येते. तिच्याकडे फोन असेलच असं नाही, सही येईलच असंही नाही. तिथे कार्ड उपयोगी पडतं: मुलाचं नाव आणि क्रमांक लिहिलेल्या कार्डाचा अर्धा भाग सकाळी आजीला द्यायचा, अर्धा ताईकडे. संध्याकाळी दोन्ही जुळले, मुलानेही आजीला ओळखलं, की अंगठा घेऊन सोपवायचं. पण कार्ड हरवतं, आणि दुसऱ्याच्या हातीही पडतं. म्हणून ते यादीच्या जोडीला ठेवा, यादीच्या जागी नाही.

व्हॉट्सॲप ग्रुपवर ‘गाडी अमुक वाजता पोहोचतेय’ एवढंच कळवावं. ‘आज काका येतील न्यायला’ असा निरोप ग्रुपवर आला, तर तेवढ्यावर मूल देऊ नका. संमतीपत्रावरच्या नंबरवर स्वतः फोन लावा, पालकांशी बोला, आलेल्या माणसाचं ओळखपत्र बघा आणि यादीत नोंद करा. चेहरा ओळखीचा आहे, गावातलाच आहे, मूलही ‘मामा’ म्हणतंय, तरी हे करायचंच. मूल जायला कचरत असेल तर आधी त्याला बाजूला घेऊन विचारा. आईवडिलांत वाद असेल तर मुलाला कोण नेणार हे संमतीपत्र घेतानाच बोलून घ्या. फाटकावर तो निवाडा करणं स्वयंसेवकाचं काम नाही.

मोठी मुलं एकटी जातो म्हणतात. त्यांना पालकांची लेखी परवानगी असेल आणि उजेड असेल तरच सोडा.

न्यायला कुणी आलंच नाही, तर दोन स्वयंसेवकांनी मुलाजवळ थांबायचं. एकट्या दादाने त्याला दुचाकीवरून घरी नेऊन सोडायचं नाही, भलेही घर जवळ असो. दिलेले सगळे नंबर लावूनही कुणी मिळालं नाही, तर 112 किंवा मुलांसाठीची हेल्पलाइन 1098.