60x60 नाईट व्हिजन हंटिंग दुर्बीण... पैसे घालवू नका

मंडळी, सध्या फोन उघडला की ती जाहिरात येतेच, मिलिटरी कपडे घातलेला गोरा शिकारी, 60x60, डे-नाईट व्हिजन, 4999 खोडून 1899. (आपल्याकडे शिकारीला 1972 च्या कायद्याने बंदी आहे, पण हंटिंग लिहिलं की माल दणकट वाटत असावा लोकांना.) आमच्या मामांनी भिगवणला फ्लेमिंगो बघायचे म्हणून मागवली. कॅश ऑन डिलिव्हरी, म्हणजे सेफ असं सगळे समजतात, पण डिलिव्हरीवाला आधी पैसे घेतो मगच बॉक्स देतो.

आता गंमत बघा. x च्या आधीचा आकडा म्हणजे किती पट मोठं दिसणार आणि नंतरचा म्हणजे पुढच्या काचेचा व्यास, मिलिमीटरमधे. पट्टी लावली तर काच जेमतेम 22! मग दुर्बीण हातभर लांब धरून उजेडाकडे केली (सूर्याकडे नाही हं), डोळा लावायच्या काचेत एक छोटं उजेडाचं वर्तुळ दिसतं ते पावणेतीन मिमीच्या आसपास भरलं, 22 भागिले ते, म्हणजे फार तर आठ पट. 60 छापायला काय जातंय. आणि समजा आकडे खरे असते तरी 60 ला 60 ने भागून ते वर्तुळ 1 मिमीचं, संध्याकाळनंतर काय कप्पाळ दिसणार त्यातून, शिवाय 60 पट हातात धरून स्थिर राहतच नाही, ट्रायपॉड लागतो. नाईट व्हिजनचं तर विचारूच नका, सेल घालायला जागाच नाहीये त्यात, लाल चकचकीत काच तेवढी आहे आणि त्यातून सगळं हिरवटनिळं दिसतं.

होडीत बसून मामांना एकाचे दोन फ्लेमिंगो दिसायला लागले. दोन्ही नळ्या एका रेषेत नाहीत, थोड्या वेळाने डोकंच धरलं त्यांचं. विक्रेत्याला फोन केला तर म्हणे "सर आँखों को ॲडजस्ट होने दो", नंतर "बॉक्स ओपन किया तो रिटर्न नहीं", नंतर ब्लॉक.

घ्यायचीच तर 8x42 बघा, दुकानात जाऊन, बाहेर येऊन लांबची पाटी वाचा, एक एक डोळा झाकून मग दोन्ही उघडे ठेवून, चित्र एकच दिसलं पाहिजे. 1915 वर ग्राहक हेल्पलाईनला तक्रार टाकलीये, जाहिरातीचा स्क्रीनशॉट होता म्हणून बरं, कारण ते पेज आता दुसऱ्याच नावाने तीच दुर्बीण 80x80 म्हणून विकतंय.