मयत भावाची पॉवर आणि आमचे ११ लाख ५३ हजार

गोव्यात दलालामार्फत जुनं घर घ्यायची बोलणी ज्यांची चालू आहेत, त्यांनी टोकन देण्याआधी हे वाचा. आमचे ११ लाख ५३ हजार रुपये गेले आहेत. टोकन ५१,०००, रोख २,००,०००, कराराच्या वेळी चेकने ८,५०,०००, दलालाला ४०,००० आणि वकिलाला १२,०००. यातला एक रुपयाही परत आलेला नाही.

नातेवाईक विचारतात, शिकलेली माणसं तुम्ही, फसलात कशी? विचारणाऱ्यांनी आधी बाजारात फिरून यावं. मी शाळेत शिकवते, हे औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर आहेत. इतकी वर्षं भाड्याने काढली. पर्वरीत, म्हापशात फ्लॅट बघितले, भाव ऐकून परत आलो. २०२३ च्या जानेवारीत मोपाचा विमानतळ सुरू झाला आणि पेडण्याकडचे भाव तर बोलायलाच नकोत. दिल्ली-मुंबईचे लोक शनिवार-रविवारसाठी घरं घेतात आणि इथे जन्मलेल्या माणसाला दोन खोल्या परवडत नाहीत. अशात ४२ लाखांत अंगण, विहीर आणि पाठीमागे चार माड असलेलं घर समोर आलं तर कोणीही थांबलं असतं. आम्हीही थांबलो. यात लाज वाटण्यासारखं काही नाही असं मी स्वतःला रोज सांगते, तरी वाटतेच.

गावाचं नाव घालत नाही, कारण तिथल्या शेजाऱ्यांचा यात काही दोष नाही. घर दोन भावांचं आणि एका बहिणीचं. एक-चौदाच्या उताऱ्यावर (गोव्यातला सातबाराच म्हणा) तिघांची नावं. विकणारा धाकटा भाऊ. बहिणीने हक्क सोडला होता, त्याचा नोंदणी केलेला दस्त होता आणि तो खरा निघाला. थोरला भाऊ मुंबईला. त्याने धाकट्याला दिलेली २०२१ ची पॉवर ऑफ अटर्नी, म्हणजे त्याच्या वतीने व्यवहार करायचं मुखत्यारपत्र, आम्हाला दाखवली. तीही खरी निघाली. हे नीट लक्षात घ्या, कारण पुढे पोलिसांनी आम्हाला याच शब्दावर परत पाठवलं.

कळायला हवं होतं ते पहिल्याच भेटीत. २०२४ च्या चवथीनंतर, म्हणजे गणेश चतुर्थीनंतर, चार-सहा दिवसांत आम्ही घर बघायला गेलो. देवाच्या खोलीत माटोळीची, म्हणजे गणपतीच्या वर फळं-पानं बांधतात ती, लाकडी चौकट छताला तशीच टांगलेली होती. तिला ना एक काथा, ना सुकलेलं पान, ना नारळाचा डाग. नुकत्याच झालेल्या चवथीची माटोळी उतरवली तरी दोरीचे तुकडे महिनाभर लोंबत असतात, ते गोव्यात कोणाला सांगायला नको. तिच्यावर धूळ होती आणि कोळ्याचं जाळं होतं. मी विचारलं, "यंदा गणपती नाही बसवला?" तो म्हणाला, "नाही वहिनी, यंदा दादाकडे मुंबईला बसवला."

मूळ घरचा गणपती मुंबईला जात नाही. मुंबईवाले गणपतीला गावी येतात, रजा नसली तर नोकरी सोडून येतात. मूळ घरात चवथ झाली नाही याचा अर्थ आपल्याकडे सरळ असतो, घरात कोणी तरी गेलंय आणि वर्षभर सण नाहीत. हे मला लहानपणापासून माहीत आहे. ती चौकट माझ्या डोक्यावर लटकत होती आणि मी विहिरीला उन्हाळ्यात पाणी असतं का, ते विचारत पुढे गेले. रात्री झोप येत नाही तेव्हा मला तीच चौकट दिसते.

पण यांनी विचारलं होतं, हेही लिहायला हवं. हे म्हणाले, थोरल्या भावाशी एकदा बोलू. धाकट्याने तिथल्या तिथे फोन लावला आणि स्पीकरवर टाकला. पलीकडून वयस्क आवाज आला. माझी चौकशी केली, शाळा कुठली ते विचारलं, म्हणाला, "धाकटा बघेल सगळं, मी दिवाळीला येतो आणि सेल डीडवर स्वतः सही करतो." एवढ्यावर माणसाने विश्वास ठेवायचा नाही तर कशावर ठेवायचा? थोरला भाऊ त्याच वर्षी मे महिन्यात वारला होता. आमच्याशी बोलला तो कोण, ते आजपर्यंत कळलेलं नाही.

ज्याने पॉवर दिली तो गेला की पॉवर तिथेच संपते, मग ती कितीही खरी असो. म्हणून पॉवर बघितली की देणारा माणूस बघा. व्हिडिओ कॉल करा, हातात आधार कार्ड धरायला सांगा. राग आला तर येऊ दे.

पुढचा सापळा घाईचा. पितृपक्ष लागायच्या आत टोकन द्या, नंतर पंधरा दिवस कोणी व्यवहार करत नाही आणि एक दिल्लीवाली पार्टी तयार आहे, असं दलाल म्हणाला. ५१,००० मोबाईलवरून गेले. नवरात्रात करार झाला. यांच्या पीएफमधून ४,००,००० काढले, माझी ४,५०,००० ची ठेव मोडली, त्यातून चेक दिला. दोन लाख रोख मागितले, ते सोन्यावर कर्ज काढून दिले. पावती मागितली तर दलाल म्हणाला, करारात रक्कम घातलीय की. करारात घातली होती ९ लाख १ हजार. टोकन आणि चेक, बस्स. आम्ही वाचलं तेव्हा वकील म्हणाला की रोखीचं लिहिता येत नाही, तुम्हीच अडचणीत याल. जमीन-घराच्या व्यवहारात २०,००० किंवा त्याहून जास्त रोख घेण्यावर १ जून २०१५ पासून बंदी आहे, ते खरंच आहे. मग ते वकिलाने पैसे मोजायच्या आधी का सांगितलं नाही? वकील दलालानेच आणला होता. विकणाऱ्याच्या माणसाने आणलेला वकील घेऊ नका, फुकट मिळाला तरी.

करार ५०० च्या स्टॅम्पवर, नोटरीसमोर. सब रजिस्ट्रारकडे नेला नाही. "सेल डीडला नोंदणी करायचीच आहे, दोनदा खर्च कशाला?" हे वाक्य ऐकलंत की उठून घरी या. नोटरी फक्त सही करणारा माणूस समोर होता एवढं सांगतो. घर त्याचं आहे का, ते तो बघत नाही आणि बघायचं त्याचं कामही नाही. नोंदणी न झालेला करार निल एन्कम्ब्रन्समध्येही, म्हणजे मालमत्तेवर बोजा नसल्याच्या दाखल्यातही, दिसत नाही. आमच्या वकिलाने काढलेला तीस वर्षांचा सर्च एकदम स्वच्छ होता. आणि त्याच घराचा निदान आणखी एक करार नोटरीच्या कागदावर झालेला आहे.

धाकट्याच्या बायकोने करारावर सही केली, त्यामुळे आम्हाला आणखी खात्री वाटली. गोव्यात नवरा-बायको दोघांची सही लागते हे आम्हाला माहीत होतं. लग्नाच्या वेळी वेगळा करार केला नसेल तर इथल्या पोर्तुगीजकाळापासूनच्या दिवाणी कायद्याने दोघांची मालमत्ता निम्मी-निम्मी असते, आणि एकट्याला घर विकता येत नाही. मी धाकट्याच्या बायकोची सही बघितली आणि थोरल्याच्या बायकोची विचारलीच नाही. पॉवर एकट्या थोरल्याची होती. तो जिवंत असता तरी ती अपुरीच होती, आणि हे १२,००० रुपये घेणाऱ्या वकिलाला कळायला हवं होतं, मराठी शिकवणाऱ्या बाईला नव्हे. तो गेल्यावर त्याचा वाटा त्याच्या बायकोचा आणि मुलीचा. वारसा ठरवायला कोर्टात इन्व्हेंटरी, म्हणजे मयताच्या मालमत्तेची यादी आणि वाटणी, करावी लागते किंवा वारस कोण ते सांगणारा सक्सेशन डीड. त्याशिवाय विकणारा कोणीही असो, त्याच्या हातात विकायला काही नसतं.

दिवाळी झाली, दादा आला नाही. मग दादाला डेंग्यू, मग दादाच्या मुलीची परीक्षा. डिसेंबरात धाकट्याचा फोन बंद. जानेवारीत आम्ही घराकडे गेलो तर कुलूप. शेजारची म्हातारी अंगणात आमसुलं वाळत घालत होती. आमच्याकडे बघून म्हणाली, "तुमीय पयशे दिले?" मी दादाचं नाव घेतलं. तिने हात जोडले आणि म्हणाली, त्याला जाऊन आठ महिने झाले.

आता पोलिसांचं. घर ज्या हद्दीत, तिथल्या ठाण्यात गेलो. करार जिथे झाला तिथे जा म्हणाले. तिथे गेलो तर घर जिथे आहे तिथे जा. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्ये हद्द कुठलीही असली तरी गुन्ह्याची माहिती घ्यावीच लागते असं लिहिलेलं आहे. मी ते छापून नेलं. अधिकाऱ्याने कागद उलटा करून टेबलावर ठेवला आणि म्हणाला, "मॅडम, पॉवर खरी आहे, सही खरी आहे, सिव्हिल मॅटर आहे. कोर्टात जा." मेलेल्या माणसाच्या नावाने फोनवर तिसराच बोलला, हे सिव्हिल मॅटर? तर म्हणे, रेकॉर्डिंग आहे का? घर बघायला जाताना रेकॉर्डिंग कोण करतं? मग रोख रकमेचा विषय काढला. "दोन लाख कॅश कुठून आणली? इन्कम टॅक्सला कळवावं लागेल." त्या क्षणी चोर मी होते आणि तो धाकटा कुठे तरी आमच्या पैशांवर आरामात बसला होता. माझा नवरा आयुष्यात पहिल्यांदा कुठल्या साहेबासमोर ओरडला, आणि बाहेर आल्यावर तासभर बोलला नाही.

कागद घेतला तो शेवटी एका ओळखीच्या माणसाने फोन केल्यावर, आणि घेतला म्हणजे आवक शिक्का मारला. एफआयआर नाही. दखलपात्र गुन्हा दिसत असेल तर एफआयआर नोंदवावाच लागतो असं सर्वोच्च न्यायालयाने ललिता कुमारी खटल्यात २०१३ मध्येच सांगितलंय. ठाण्यातल्या टेबलापर्यंत ते पोचलेलं नाही. आम्ही पोलीस अधीक्षकांना रजिस्टर पोस्टाने लिहिलं, पोचपावती आली, उत्तर नाही. आता न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केलाय. त्याला परत वकील, परत फी.

मधल्या काळात कोणी म्हणालं रेरात जा. रेरा, म्हणजे घरबांधणीचं नियामक प्राधिकरण, बिल्डरच्या प्रकल्पांसाठी आहे. एकट्या जुन्या घराचा सौदा त्यात बसतच नाही, आणि असा सौदा लावून देणाऱ्या दलालाला नोंदणीही लागत नाही. तो कोणालाच बांधील नाही. जमिनी हडपण्याच्या प्रकरणांसाठी सरकारने जून २०२२ मध्ये विशेष तपास पथक नेमलं तेव्हा मीच वर्गात मुलांना बातमी वाचून दाखवली होती. पण ती प्रकरणं बनावट जुन्या दस्तांची, आणि आमचा एकही दस्त बनावट नाही. कागद खरे असले की गोव्यात फसवणूक होत नाही, असं समजायचं का? मामलेदार कचेरीत म्हटलं, उताऱ्यावर निदान वादाची नोंद घाला. कोर्टाचा आदेश आणा म्हणाले. म्हणजे उद्या चौथा माणूस येऊन उतारा काढेल आणि त्याला तो स्वच्छच दिसेल.

मुंबईला थोरल्याच्या बायकोला भेटलो. तिला यातलं काहीच माहीत नव्हतं. तिने घर विकलेलं नाही आणि विकायचंही नाही. आम्ही स्थानिक पेपरात जाहीर नोटीस दिली असती तर कोणी तरी तिला कळवलं असतं. काही हजारांचा खर्च. दलाल म्हणाला होता, नोटीस दिली की भाव वाढवणारे जागे होतात. नोटीस स्वतः द्या, स्वतःच्या वकिलाच्या नावाने, आणि मुदत संपेपर्यंत खिशात हात घालू नका. उतारा भूमापन खात्याच्या संकेतस्थळावर स्वतः बघा, त्यातला कुळाचा आणि इतर हक्कांचा रकाना वाचा. मुंडकार, म्हणजे दुसऱ्याच्या जागेत कायद्याच्या संरक्षणाने राहणारा माणूस, आहे का, ते शेजारी विचारा. शेजाऱ्यांना दलालाशिवाय भेटा. आम्ही पहिल्या दिवशी त्या म्हातारीशी पाच मिनिटं बोललो असतो तर बास होतं, पण दलाल म्हणाला तिचं आणि या घरवाल्यांचं वाटेवरून भांडण आहे, ती काहीही सांगेल.

फसलेल्या दुसऱ्या कुटुंबाचा नंबर तिच्याकडूनच मिळाला. त्यांचे ६ लाख गेले. आमच्यासारखाच नोटरीचा करार, तीच पॉवर, तोच वकील. त्यांनी आणि आम्ही आता एकत्र अर्ज केलाय, कारण एकच घर अनेकांना विकलं हे दिसलं की सिव्हिल मॅटर म्हणून हाकलणं कठीण जातं. तिसरे लोक नोव्हेंबरात येऊन टेपने पडवी मोजून गेले, लाल गाडी, मडगावकडचे असावेत असं म्हातारी सांगते. ते अजून सापडलेले नाहीत. उत्तर गोव्यात, मंगळुरी कौलांचं, दारात पांढरा चाफा, डाव्या बाजूला दगडी कठड्याची विहीर, विकणाऱ्याचा थोरला भाऊ मुंबईला: अशा घरासाठी तुम्ही पैसे दिले असतील तर कराराची प्रत आणि बँकेचा उतारा घेऊन पुढे या. आमची पुढची तारीख लवकरच आहे आणि तिसरा अर्ज त्याआधी जोडता येईल.