पेडलबोर्डचा आयसोलेटेड पॉवर सप्लाय : एक गणपती आणि एक लग्नसराई उलटल्यावर

भावगीत-गझलांच्या कार्यक्रमांत गिटार वाजवतो, त्यामुळे पेडलबोर्डावर, म्हणजे आवाज बदलणारी पायाने दाबायची पेडल मांडलेल्या फळीवर, फार पसारा नाही. ट्यूनर, कॉम्प्रेसर, ओव्हरड्राइव्ह, डिजिटल डिले आणि रिव्हर्ब. आधी हे सगळं एकाच 9 व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर डेझी चेनने, म्हणजे एकाच तारेला फुटलेल्या अनेक पिनांनी, चालायचं. ओव्हरड्राइव्ह दाबला की मागे बारीक शिट्टी सुरू. ही करामत डिलेची. डिजिटल पेडलमधल्या क्लॉकचा कचरा सामाईक ग्राउंडवरून ओव्हरड्राइव्हमध्ये शिरतो आणि तिथे गेन मिळाला, म्हणजे सिग्नल मोठा झाला, की ऐकू यायला लागतो. अ‍ॅडॉप्टर कितीही महागाचा आणला तरी चेन तीच असेल तर फरक शून्य.

म्हणून आठ आउटपुटचा आयसोलेटेड सप्लाय घेतला. यात प्रत्येक आउटपुटचा पुरवठा वेगळा, एकाचं ग्राउंड दुसऱ्याला लागत नाही. शिट्टी पहिल्याच दिवशी गेली, ती आजतागायत आलेली नाही.

अँपमधून येणारी विजेची घूं मात्र प्रत्येक वेळी जात नाही, आणि त्यात सप्लायचा दोष नाही. आपली मेन्स 50 हर्ट्झची. तो सूर म्हणजे पांढरी एकचा खर्जातला पंचम, किंचित चढा. गाणाऱ्याची पट्टी तीच असेल तर विचारूच नका. गिटार थेट अँपला लावूनही घूं राहिली, तर पेडलचे अ‍ॅडॉप्टर बदलत बसू नये. बहुतेक वेळा हॉलचा मिक्सर आणि आपला अँप विजेच्या वेगवेगळ्या बोर्डांवरून अर्थिंग घेत असतात. डीआय बॉक्सवरचा (गिटारचा सिग्नल मिक्सरला देणाऱ्या डबीवरचा) ग्राउंड लिफ्ट, म्हणजे ग्राउंडची जोडणी तोडणारा स्विच, दाबून बघा. अँपची अर्थ पिन काढणारे महाभाग भेटतात, त्यांच्यापासून लांब राहा.

ज्यांच्याकडे एक-दोनच पेडल आहेत त्यांनी हा खर्च करू नये. बॉसचा पीएसए किंवा तसा कुठलाही रेग्युलेटेड (भार बदलला तरी व्होल्ट कायम ठेवणारा) 9 व्होल्टचा अ‍ॅडॉप्टर पुरतो. बहुतेक पेडलना मधली पिन निगेटिव्ह लागते, आणि इथेच घोळ होतो, कारण घरात पडलेले राउटरचे अ‍ॅडॉप्टर सहसा सेंटर पॉझिटिव्ह. यामाहाच्या कीबोर्डचा पीए-150 सुद्धा तसाच, वर 12 व्होल्टचा. कॅसिओचा जुना एडी-5 मात्र 9 व्होल्ट, सेंटर निगेटिव्ह. लेबलवरच्या पिनच्या चित्रावर विसंबू नका. मल्टिमीटरची लाल तार जॅकच्या भोकात, काळी बाहेरच्या कड्याला. आकडा उणे आला तर पेडलला चालेल.

त्याच मापात आणखी एक गोष्ट कळते. पुण्यात पासोड्या विठोबापाशी मिळणारा 3 ते 12 व्होल्टचा स्विचवाला अ‍ॅडॉप्टर 9 वर ठेवून मोजला, तर भार नसताना 13 च्या वर दाखवत होता. अनरेग्युलेटेड असला की असंच होतं. पाच-दहा मिलिअँपिअर खाणाऱ्या अ‍ॅनालॉग पेडलवर तो आकडा फारसा खाली येत नाही. अँपिअरची मात्र उगाच धास्ती नको. व्होल्ट तंतोतंत हवेत, अँपिअर गरजेपेक्षा जास्त असले तर बिघडत नाही. माझा रिव्हर्ब एकटा 300 मिलिअँपिअर मागतो. तो 100 च्या आउटपुटवर लावला की आधी सुरूच होत नाही, झालाच तर मध्येच मान टाकतो. विकत घेताना एकूण बेरीज बघू नका, एकेका आउटपुटचा आकडा बघा.

छोट्या मिक्सरवाल्यांनी आणखी जपून. बऱ्याच मिक्सरना एसी आउटपुटचा अ‍ॅडॉप्टर लागतो, लेबलवर आउटपुटपुढे ~ ही खूण असते. तिथे पेडलचा डीसी लावून उपयोग नाही.

तक्रारी दोन. सोबतच्या केबल फार आखूड, आणि पावसाळ्यानंतर दोन जॅक सैल झाले. वाकड्या तोंडाच्या नव्या घेतल्या. दुसरं, डबा जड आहे आणि मांडवात दुपारी चांगलाच तापतो, म्हणून बोर्डाखाली हवा खेळायला दोन बोटं जागा सोडली. जनरेटरवर लाइट खालीवर होत होते तेव्हाही आउटपुट 9.1 वरून हललं नाही.