गंगाखेडची धर्मशाळा: भजनी मंडळ घेऊन जायचं असेल तर नक्की जा

आम्ही अंबाजोगाईच्या आठ जणी, मागच्या एकादशीला गंगाखेडला मुक्कामी गेलो होतो, बसनं परळी आणि तिथून रेल्वेनं. जनाबाईचं गाव, म्हणून किती वर्षांपासून मनात होतं. नुसतं दर्शन घेऊन परत यायचं नव्हतं, तिथल्या मंडळासोबत बसून टाळ वाजवायचे होते. गोदाकाठची ही धर्मशाळा एका ओळखीच्या मावशींनी सांगितली.

आधी एकदा दुसऱ्या एका गावी न कळवता गेलो होतो, तिथं आम्हाला कोणी विचारलं पण नाही, टाळ पिशवीतच राहिले, दोन तास मागं बसून आलो. लई वाईट वाटलं होतं. म्हणून यावेळी आठ दिवस आधी फोन केला. धर्मशाळेच्या मामांनी पहिला प्रश्न काय विचारला, तर किती जणी, काय खाणार, खोली कोणती हे काहीच नाही, "ताई, तुमची पट्टी कोणती?" मी म्हणलं काळी चार, म्हणजे पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर आमचा सा. म्हणले आमच्या मंडळाची काळी एक आहे, म्हणजे बरीच खालची, थांबा, मी बघतो काय करायचं ते. तिथंच मला कळलं की हा माणूस भजनात बसलेला आहे.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, पेटीवाला काय, पट्टी लगेच बदलून देतो, पण मृदंगाचं तसं नसतं. वाद्यांखालचे लाकडी गट्टे ठोकून तो थोडासा चढतो उतरतो, काळी एकचा मृदंग काळी चारला न्यायला गेलात तर शाईची पुडीच, म्हणजे उजव्या तोंडाचं कातडंच, फाटायची. मामांनी शेजारच्या खेड्यातून वरच्या पट्टीचा दुसरा मृदंग आणि वाजवणारा पोरगा, दोन्ही बोलावून ठेवले होते. संध्याकाळी आम्ही पोचलो तर तो पोरगा मृदंगाच्या डाव्या तोंडाला कणीक लावायलाच बसला होता, म्हणजे वाजवायची तयारीच, मला तर भरूनच आलं.

हरिपाठ त्यांच्या पट्टीत म्हणला, आम्हाला खाली जात होतं पण पाहुण्यांनी तेवढं सांभाळून घ्यायला पाहिजे. २८ अभंग पाठ असले तरी त्यांची चाल वेगळी निघाली, आम्ही जिथं थांबतो तिथं ते थांबत नाहीत, मग पहिले चार अभंग आम्ही टाळ हळू ठेवून नुसतं ऐकलं, पाचव्यापासून बरोबर बसलं. नंतर जनाईचे अभंग आमच्या काळी चारला, आणि तेव्हा त्यांची पुरुष मंडळी आमच्यामागं म्हणायली. आमचे टाळ काशाचे, त्यांचे पितळी, एकत्र वाजले की आवाज फाटायचा, तर त्यांच्यातल्या एका आजोबांनी उठून आम्हाला अर्ध्या अर्ध्या करून दोन्ही रांगांत मिसळून बसवलं आणि खरंच फरक पडला. रात्री दीड वाजले कधी कळलंच नाही.

आता राहण्याचं. माणशी १०० रुपये, खोलीत सतरंज्या आणि चादरी, स्वच्छ. कॉट नाहीत, गुडघे दुखणाऱ्यांनी विचार करून जावं. बाथरूम दोनच आणि गरम पाणी सकाळी सहानंतर मिळत नाही, आठ जणींची लई धावपळ झाली, हे मामांना तोंडावर सांगितलं मी, त्यांनी ऐकून घेतलं. रात्री भगर आणि शेंगदाण्याची आमटी, आमटी जरा पातळ होती. पण दुसऱ्या दिवशी बारशीला उपवास सोडायला ज्वारीची भाकरी, वांगं आणि वरण, एकदम घरच्यासारखं.

जाणाऱ्या मंडळांनी आपले टाळ सोबत न्यावेत, तिथं पाचच जोड आहेत. पेटी नेऊ नका, चांगली आहे तिथं. आणि फोन करताना पट्टी, किती माणसं आणि हरिपाठाच्या आधी पोचणार का नंतर, एवढं सांगाच, बाकीचं मामा बघतात.

तिथल्या बायका पुढच्या महिन्यात आमच्याकडं यायल्यात, योगेश्वरीच्या दर्शनाला. त्यांच्यासोबत पेटीवाले आणि चार पुरुष मंडळी पण आहेत म्हणून आम्ही आतापासूनच काळी एकचा मृदंग कुणाकडं मिळतो ते विचारायलो.